तापलेले इंजिन आणि पाण्याचा जमाखर्च

मोटारीचे इंजिन तापले की बहुतेक मंडळी दोन गोष्टी करतात. रेडिएटरमध्ये पाणी ओततात आणि गाडी पुढे काढतात. पहिल्या गोष्टीने आजार झाकला जातो, दुसरीने तो बळावतो. आणि काहीशे रुपयांत मिटणारे काम पन्नास हजारांच्या बिलापर्यंत जाऊन पोचते.

या सदरात आपण एरवी व्याज, विमा, वारसनोंद, कर्जाची कागदपत्रे यांविषयी बोलतो. म्हणून आजचा विषय काहींना परका वाटेल. परंतु बँकेत वाहनकर्जांचे काम पाहत असताना एक गोष्ट वारंवार नजरेस येत असे. नियमित हप्ते भरणारा टेंपोवाला एकाएकी थकतो. चौकशीला गेल्यावर कळते की गाडी महिनाभर गॅरेजमध्ये उघडून पडलेली आहे. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले: "साहेब, गरम झाली आणि इंजिन सीझ झालं." गाडी उभी म्हणजे मिळकत बंद, हप्ता मात्र चालू. तेव्हापासून हा विषय मी समजून घेत आलो. निवृत्तीनंतर तर घराजवळच्या एका जाणत्या मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये सकाळी तासभर बसण्याचा छंदच लागला आहे. आपल्या घरांतून आज दुकानाची एखादी पिकअप आणि घरची एक मोटार असतेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत लग्ने, यात्रा, गावाकडच्या फेऱ्या यांसाठी ती भरलेली गाडी घाट चढते. तेव्हा हा हिशेब एकदा मांडून ठेवणे बरे.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ज्वाळेचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. आजकालच्या बहुतेक इंजिनांचे हेड ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते, तो शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतो. इंजिन वितळत नाही, याचे कारण उष्णता अखंड बाहेर वाहून नेली जाते. ढोबळमानाने सांगायचे तर इंधनातील शक्तीचा एक तृतीयांश भाग प्रत्यक्ष कामाला लागतो, एक तृतीयांश धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेला तिसरा हिस्सा इंजिनच्या धातूत शिरतो. हा तिसरा हिस्सा बाहेर काढण्याचे काम मुख्यतः पाण्याकडे, म्हणजे आजच्या भाषेत कूलंटकडे असते. शंभर रुपयांच्या पेट्रोलमागे तीस-पस्तीस रुपयांची उष्णता, असे व्यापारी भाषेत म्हणता येईल. ती साचू लागली की दहा-पंधरा मिनिटांत काटा लालकडे जातो.

पाण्याचा प्रवास साधा आहे. वॉटर पंप ते इंजिनच्या ब्लॉकमधून व हेडमधून फिरवतो. तापलेले पाणी वरच्या रबरी होसमधून रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याने थंड होते आणि खालच्या होसमधून परत पंपाकडे जाते. वाटेत थर्मोस्टॅट नावाचा एक द्वारपाल असतो. त्याच्या पोटातील मेण साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान वितळून फुगते आणि झडप उघडते. इंजिन गार असेपर्यंत तो पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, कारण थंड इंजिन अधिक इंधन खाते आणि अधिक झिजते. गाडी उभी असताना किंवा हळू चालत असताना वारा मिळत नाही. त्या वेळी वारा खेचण्याचे काम फॅनचे.

राहिले झाकण. त्याच्याकडे कोणी पाहत नाही, परंतु ते नुसते झाकण नव्हे. आपल्या घरांत पाणी उकळून पिण्याची रीत असल्यामुळे उकळत्या पाण्याचा स्वभाव आपल्याला नवा नाही. उघड्या पातेल्यात ते समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळते. महाबळेश्वरसारख्या उंचीवर ९५-९६ अंशांनाच. कुकरमध्ये मात्र दाब असल्यामुळे ते अधिक तापूनही उकळत नाही. रेडिएटरचे झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. त्यातील स्प्रिंग साधारण एक वातावरणाइतका जादा दाब आत धरून ठेवते आणि त्यामुळे उकळबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. कूलंटमध्ये ग्लायकॉल असल्याने तो आणखी थोडा वर सरकतो. हा जो वीस-पंचवीस अंशांचा अवकाश मिळतो, त्याच्या बळावर गाडी मे महिन्यात घाट चढते.

(जाता जाता एक माहिती. बारीक नळ्यांच्या जाळीचा रेडिएटर विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीज मोटारीसाठी बनवला. आठ हजारांहून अधिक छोट्या नळ्या त्यात बसवल्या होत्या. पाणी कमी, पण वाऱ्याला भिडणारा पृष्ठभाग मोठा, ही त्यामागची युक्ती. सव्वाशे वर्षांनंतरही आपण त्याच युक्तीवर चालत आहोत.)

आता प्रसंग. काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला किंवा तापमानाचा तांबडा दिवा लागला, तर प्रथम एअर कंडिशनर बंद करावा. काचा खाली घेऊन हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा पूर्ण वेगावर ठेवावा. मे महिन्यात हे करायला सांगितले की लोक हसतात. परंतु हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनची काही उष्णता ओढून घेतो. एवढे करून मिळतात ती गाडी सुरक्षित जागी डावीकडे घेण्यापुरती दोन-चार मिनिटे. पुढचे गाव गाठण्यापुरती नव्हेत. तांबडा दिवा लागला असेल तर जागा मिळताच इंजिन बंद.

काट्याविषयी एक सावधगिरी. काटा लालला टेकून एकाएकी खाली आला, तर "उतरलं बुवा" म्हणून निश्चिंत होऊ नये. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाणी पूर्ण निघून गेले की तो कोरडा पडतो आणि काटा गार दाखवू शकतो. त्या वेळी इंजिन मात्र भाजत असते. अनेक नव्या छोट्या गाड्यांत काटा नसतोच, फक्त निळा आणि तांबडा दिवा. तांबडा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, म्हणून अशा गाडीत तो दिसल्यावर विचार करीत बसायचे नाही.

वाफ येत असेल तर बॉनेट लगेच उघडू नये. आणि झाकणाला हात लावू नये. हे वाक्य घरातील प्रत्येक चालवणाऱ्याकडून पाठ करून घ्यावे. आत ११०-१२० अंशांचे पाणी केवळ दाबामुळे पाणी राहिलेले असते. झाकण फिरवताच दाब जातो आणि त्यातील काही भागाची क्षणात वाफ होऊन उरलेले उकळते पाणी कारंज्यासारखे चेहऱ्यावर येते. ओल्या फडक्याने धरले म्हणून ते थांबत नाही. तासभर थांबावे. वरची होस हाताला कोमट लागली आणि दाबल्यावर मऊ वाटली, मगच जाड कापड ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, उरलासुरला दाब जाऊ द्यावा आणि नंतर काढावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो; काचेच्या गरम भांड्यात गार पाणी घातल्यावर जे होते तेच. रस्त्यावर दुसरा इलाज नसेल तर पिण्याच्या बाटलीतले पाणी गार इंजिनात हळूहळू घालावे. मात्र ते तात्पुरते, आणि गॅरेजमध्ये पोचल्यावर सांगायचे.

येथून निदान सुरू होते. आमचे मेस्त्री बॉनेट उघडण्याआधी पहिला प्रश्न विचारतात: "कधी तापते?" या एका प्रश्नाने अर्धे काम होते.

सिग्नलला, गर्दीत, दुकानासमोर चालू ठेवल्यावर तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, असे असेल तर संशय फॅनवर. वेगात वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला फॅनच देतो. याची एक घरगुती परीक्षा आहे. बहुतेक गाड्यांत एअर कंडिशनर लावला की रेडिएटरचा फॅनही सुरू होतो. गाडी उभी करून तो लावावा आणि समोर उभे राहून पाहावे, ऐकावे. हात आत घालू नये, कारण विजेवरचा फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. फॅन फिरला नाही तर फ्यूज, रिले, सेन्सर, वायर आणि शेवटी मोटर, या क्रमाने पाहायचे असते. क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो, हे लक्षात येईल. अनेक ठिकाणी तो उलटा चालवला जातो: आधी नवी मोटर, आणि तरीही फॅन फिरला नाही की मग तीस रुपयांचा फ्यूज.

उलट गावात ठीक, पण महामार्गावर वेगात किंवा घाटात तापत असेल, तर फॅन निर्दोष समजावा आणि रेडिएटरकडे वळावे. वेगात उष्णता जास्त निर्माण होते, आणि तेवढे पाणी किंवा तेवढा वारा जाळीतून जात नाही, असा त्याचा अर्थ. जाळी आतून क्षाराने चोंदलेली असते किंवा बाहेरून मातीने. एअर कंडिशनरचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. या दोहोंच्या मधल्या फटीत कापूस, किडे, धूळ यांची गादी तयार होते आणि ती समोरून दिसतच नाही. कापसाच्या किंवा धान्याच्या बाजारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा आजार विशेष. पाण्याच्या साध्या धारेने, आतून बाहेरच्या दिशेने धुवून घ्यावी. जोराच्या प्रेशरने जाळीच्या नाजूक पत्र्या मिटतात आणि वारा उलट अडतो. खालची होस जुनी होऊन आतून मऊ पडली असेल तर वेगात पंपाच्या ओढीने ती चेपली जाते, हेही एक कारण. गाडी उभी राहिली की होस पुन्हा गोल, त्यामुळे ते सहज सापडत नाही.

सकाळी चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा चढला, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला आहे किंवा पाणीच कमी आहे. पहिल्या बाबतीत वरची होस कडक गरम आणि रेडिएटरचा खालचा भाग जवळजवळ गार लागतो. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातील पाण्यात दोरीने टांगावा, पाणी तापवावे, शेजारी तापमापक धरावा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला तर ठीक, पाणी उकळू लागले तरी मिटलेलाच राहिला तर निकाल लागला. या परीक्षेला पैसा लागत नाही, पण ती करणारे गॅरेज क्वचित आढळते.

दुसरा प्रश्न हिशेबनिसाचा आहे: पाणी कुठे गेले? शीतन यंत्रणा बंद असते. त्यातील पाणी वर्षानुवर्षे जवळजवळ तेवढेच राहायला हवे. दर आठवड्याला अर्धा लिटर घालावे लागते आणि मालक म्हणतात, "उन्हाळ्यामुळे लागतं", हे उत्तर मला कधीच पटले नाही. रोकड कमी भरली तर आपण "उन्हाळ्यामुळे" म्हणतो का? पाणी गेले असेल तर ते कुठेतरी जमा झालेले असणार. जमिनीवर हिरवा किंवा गुलाबी थेंब, पंपाच्या खालच्या छिद्राशी वाळलेली खूण, होसच्या क्लिपपाशी पांढरा क्षार, पुढच्या सीटखाली गोडसर वासाचा ओलावा म्हणजे हीटरची गळती. यांपैकी काहीच दिसत नसेल तर गॅरेजमध्ये हातपंपाने गार यंत्रणेत दाब भरून पाहतात. दाब उतरू लागला की गळती कुठेतरी बोलतेच. बाहेर कुठेच न सापडलेले पाणी मात्र उचंत खात्यात टाकून चालत नाही. ते इंजिनच्या आत गेले असण्याची शक्यता असते. त्याकडे नंतर वळू.

परिचयातील एका कापड व्यापाऱ्यांचे उदाहरण सांगतो. त्यांची सात वर्षांची मोटार गावात कधी तापत नसे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट आला की मात्र काटा चढायचा, पुढे वाफ. एका गॅरेजने कूलंट बदलले. दुसऱ्याने थर्मोस्टॅट. तिसऱ्याने रेडिएटरच नवा बसवला. प्रत्येक वेळी आठवडाभर बरे वाटे, मग घाट येई. तीन बिलांची बेरीज पंधरा हजारांवर गेली, आणि चौथ्या ठिकाणी इंजिन उघडण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा ते गाडी आमच्या मेस्त्रींकडे घेऊन आले. मेस्त्रींनी विचारले, "तापून गार झाल्यावर बाटलीत पाणी किती असतं, आणि रेडिएटरात किती?" कोणी पाहिलेच नव्हते. पाहिल्यावर बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर जवळजवळ लिटरभर रिकामा. एका खात्यातून पाणी दुसऱ्या खात्यात गेले होते, परत आले नव्हते.

झाकणाला दोन झडपा असतात. एक जादा दाब झाला की पाणी बाटलीत सोडते. दुसरी, छोटी, इंजिन गार होताना बाटलीतले पाणी परत ओढून घेऊ देते. या गाडीच्या झाकणाची स्प्रिंग सैल झाली होती आणि रबर चिरले होते. दाब धरला जात नव्हता. वारंवार साधे पाणी घातल्याने कूलंट पातळ झाले होते, त्यामुळे घाटात १०५ अंश होताच ते उकळायचे. धड झाकणाखाली हेच तापमान निरुपद्रवी ठरले असते. आणि गार होताना बाटलीतले पाणी येण्याऐवजी चिरलेल्या रबरातून हवा आत शिरायची. त्याच दाबाचा आकडा कोरलेले नवे झाकण आणि योग्य प्रमाणातील कूलंट, एवढ्यावर गाडी घाट चढू लागली. झाकणाची किंमत चारशे रुपयांच्या आत होती. तिन्ही गॅरेजेसनी फसवले असे मी म्हणणार नाही. त्यांनी भाग बदलले, कारण भाग बदलायलाच त्यांना सांगितले गेले होते. "कधी" आणि "कुठे" कोणी विचारले नाही, मालकांनीही सांगितले नाही. (काही नव्या गाड्यांत रेडिएटरवर झाकण नसते, दाबाचे झाकण त्या पांढऱ्या टाकीवरच असते. तेथेही नियम हाच.)

आता आत गेलेले पाणी. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये गॅस्केट नावाची पातळ चकती असते. तिच्या एका बाजूला ज्वाळा, दुसरीकडे पाणी, तिसरीकडे तेल; तिघांना वेगळे ठेवणे हे तिचे काम. इंजिन एकदा जबर तापले की ॲल्युमिनियमचे हेड किंचित वाकते आणि गॅस्केटची पकड सुटते. मग ज्वाळेचा वायू पाण्यात शिरतो, पाणी सिलिंडरमध्ये किंवा तेलात. खुणा स्पष्ट असतात. सकाळी थंड इंजिन चालू करताच एक-दोन मिनिटांत वरची होस दगडासारखी टणक होते, वास्तविक पाणी अजून तापलेलेही नसते. टाकीत बुडबुडे सतत येत राहतात. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, जो इंजिन तापल्यावरही थांबत नाही; सकाळच्या गारव्यातील दोन मिनिटांची वाफ वेगळी. डिपस्टिकवर किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर. यांतील एक खूण दिसली तरी निर्णय घाईने देऊ नये. रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या रसायनाची एक नळी धरतात. जळलेला वायू आला तर निळा रंग पिवळा होतो. इंजिन उघडण्यास संमती देण्यापूर्वी ही चाचणी मागावी. आणि उघडलेच, तर हेड सपाट आहे का हे मोजून घेतल्याशिवाय, गरज असेल तर मशीनवर फेसिंग केल्याशिवाय, नुसते नवे गॅस्केट बसवू देऊ नये. वाकलेल्या हेडखाली नवे गॅस्केट फार दिवस टिकत नाही आणि दोन्ही मजुऱ्या पुन्हा पडतात.

रस्त्यावरच्या काही उपायांविषयी बोलणे भाग आहे, कारण ते प्रेमाने सुचवले जातात. रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय ट्रकवाल्यांच्या पिढ्यांनी वापरला आहे. बारीक छिद्र त्याने खरोखर बुजते; पण हळद छिद्र ओळखत नाही. ती हीटरच्या आणि रेडिएटरच्या सूक्ष्म नळ्यांतही बसते. रानात अडकलो आणि दुसरे काही हाताशी नसेल तर ठीक, मात्र गावात पोचल्यावर सगळी यंत्रणा धुवून घ्यावी लागेल. "आपल्या हवेत थर्मोस्टॅटची गरजच नाही, काढून टाका" हा सल्लाही सर्रास मिळतो. तो काढल्यास इंजिन कायम अर्धवट गार चालते, सरासरी घटते, झीज वाढते. आणि काही इंजिनांत तर पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच परत जातो व तापणे वाढते. फॅन थेट बॅटरीला जोडून सतत फिरता ठेवणे हा तिसरा. गाडी घरी आणण्यापुरता तो चालेल, पण त्या अवस्थेत वर्षभर फिरणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांचा खरा दोष कोणी शोधलाच नाही.

पाण्याविषयी आपल्याकडे विशेष सांगायला हवे. बोअरवेलचे पाणी जड असते. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि नळी गीझरच्या नळाहून कितीतरी अरुंद असते. म्हणून कूलंट मिसळायला इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणीच वापरावे, किंवा तयार मिसळलेले कूलंट घ्यावे. कूलंटच्या रंगावर विसंबू नये. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपन्यांनी आपापल्या सोयीने दिलेले आहेत, त्यांचा एक सर्वमान्य नियम नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार पाहावा. दोन वेगळ्या जाती एकत्र केल्यास गाळ होऊ शकतो. आणि कूलंट गोडसर पण विषारी असते. गळलेले तसेच सोडू नये, भटकी कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात. खाली पडलेले पाणी ओतून धुवून काढावे, उरलेला डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

विम्याची बाजू माझ्या जुन्या कामाची. मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज यांची भरपाई मिळत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच पॉलिसीच्या अटींत आणखी एक वाक्य असते, जे वाचले जात नाही. अपघात किंवा बिघाड झाल्यावर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली, तर वाढलेले नुकसान सर्वस्वी विमाधारकाच्या जोखमीवर. म्हणजे दगड लागून रेडिएटर फुटला, तर रेडिएटरचा दावा होऊ शकतो. पण तशीच दहा किलोमीटर गाडी रेटून इंजिन जाम केले, तर इंजिनचा दावा नाकारण्यास कंपनीजवळ लेखी आधार असतो. इंजिन-संरक्षणाचे जोडकलम घेतले असेल तरी त्याच्या अटी शांतपणे वाचाव्यात. नाव मोठे असते, कक्षा मर्यादित. रेडिएटर फुटलेल्या गाडीसाठी टोइंग बोलवावी, त्या जागीच छायाचित्रे काढावीत आणि कंपनीला कळवावे.

हे सगळे ज्ञान एका फोनपुढे निरुपयोगी ठरते. ड्रायव्हर घाटातून फोन करतो, "शेठ, काटा वर गेलाय." दुकानात गिऱ्हाईक उभे, समोरच्या पार्टीला चार वाजेपर्यंत माल पोचवण्याचा शब्द दिलेला. शेठ म्हणतात, "हळूहळू काढ पुढं, पोचल्यावर बघू." त्यांच्या जागी कोणीही असता तरी हेच शब्द तोंडी आले असते, यात संशय नाही. पण त्या क्षणी इंजिनाचा निर्णय दुकानात बसून झालेला असतो, आणि पुढे इंजिन बसले तर दोष ड्रायव्हरच्या माथी येतो. कित्येक ड्रायव्हर म्हणूनच फोनही करीत नाहीत. घरच्या प्रवासातही असेच एक दडपण असते. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोचून जेवण उरकायचे, म्हणून वडीलधाऱ्यांसमोर मुलगा गाडी थांबवायला कचरतो. डबा बरोबर असेल तर रस्त्याकडेच्या झाडाखालीही जेवण वेळेवर होते. गाडी थांबवण्याचा अधिकार जो चालवतो त्याचा, त्यासाठी विचारायची गरज नाही आणि मागाहून जाबही विचारला जाणार नाही, हे ड्रायव्हरला आणि मुलांना आधीच, शांत वेळी सांगून ठेवावे. भरलेली पिकअप चढावर वरच्या गिअरमध्ये कुंथत नेऊ नये, खालचा गिअर घ्यावा, हेही त्याच वेळी सांगावे. इंजिन मोकळे फिरले की पंपही जोरात फिरतो.

दुरुस्ती झाल्यावर गॅरेजमधून लगेच घाटात जाऊ नये. कूलंट भरताना हवेचा बुडबुडा आत अडकतो. मेस्त्री त्याला "एअर धरली" म्हणतात. हीटर गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवतात, फॅन एक-दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबतात आणि गार झाल्यावर पातळी पुन्हा भरतात. हे समोर करून घ्यावे. मग पुढचे पंधरा दिवस, रोज सकाळी इंजिन चालू करण्याआधी, सपाट जागी, टाकीवरील पातळी पाहावी आणि तेथे स्केचपेनने रेघ मारावी. शेजारी डायरीत तारीख आणि किलोमीटर लिहावेत. पातळी रेघेवर राहिली तर काम झाले. ती उतरली, तर किती दिवसांत, किती किलोमीटरमध्ये आणि घाटानंतर की गावातच, हे त्या पानावर असेल. ते पान घेऊनच गॅरेजमध्ये जावे.